भरती झाले निमोनियासाठी, जुलाब लागले दवाखान्यात: हे होतं कसं?

झड लागली की विदर्भातल्या पेपरांच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते: अमुक गावात गॅस्ट्रोची लागण, इतके जण ग्रामीण रुग्णालयात भरती. कारणही बहुधा तेच. पाइपलाइन फुटली आणि नालीचं पाणी आत शिरलं, नाहीतर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडलीच नाही. २०२२ च्या जुलैमध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत हेच झालं. नळाचं पाणी बंद पडलं, लोक विहिरीचं पाणी प्यायले, कॉलरा पसरला आणि त्यात माणसं गेली.

बातमी भरती होण्यापाशी संपते. पण गावातून निघालेले हे पेशंट ज्या वॉर्डात जाऊन पडतात, तिथे आधीपासून कुणी निमोनियाचा असतो, कुणी साप चावलेला, कुणाचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. त्यांच्यापैकी एखाद्याला चार-सहा दिवसांनी जुलाब सुरू झाले, तर ते कुठे छापून येत नाही. नातेवाईक मात्र विचारतातच: "माह्या बुढ्याले निमोनियासाठी भरती केलं व्हतं. खोकला बसला, आता घरी न्याचं तं हगवण लागली. दवाखान्यातच काऊन लागली?" उत्तर मिळतं, 'खाण्यात काही आलं असेल.' कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा गोष्ट वेगळीच असते.

पोटाच्या प्रत्येक दुखण्यामागे जीवाणू नसतात. लहान लेकरांचे बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात. इथे फक्त जीवाणूंचं बोलू, कारण दवाखान्यात त्यांचा प्रसार रोखणं बरंचसं आपल्या हातात आहे. इथे 'हातात' हा शब्द अगदी शब्दशः घ्यायचा.

## पोट म्हणजे मोकळं रान नव्हे

निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात शेकडो जातींचे जीवाणू कायम मुक्कामाला असतात. ते अन्नाचा उरलासुरला भाग पचवतात, काही जीवनसत्त्वं तयार करतात, आणि मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात. सोयाबीन चांगलं दाटलं की खाली तणाला ऊन मिळत नाही आणि ते वर येत नाही, तसंच हे. बाहेरून चार वाईट जंतू आले तरी त्यांना पाय रोवायला जागा नसते.

आता या रानावर सरसकट तणनाशक मारलं तर? अँटिबायोटिक, म्हणजे जीवाणू मारणारं किंवा त्यांची वाढ थांबवणारं औषध, साधारण तेच करतं. ते निमोनियाचा जंतू मारतं, आणि जाता जाता आतड्यातलं चांगलं पीकही झोपवतं. मग मोकळ्या रानात पहिल्यांदा कोण उगवतं? ज्याची गाठ जमिनीत खोल दडलेली असते तो लव्हाळा.

आतड्यातल्या या लव्हाळ्याचं नाव क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. दवाखान्यात त्याला सी-डिफ म्हणतात, आपणही तेच म्हणू. हा जंतू १९३५ मध्ये नवजात बाळांच्या शीत सापडला. बाळं ठणठणीत होती, त्यामुळे पुढची चाळीसेक वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. अँटिबायोटिक घेतलेल्या माणसांच्या आतड्याला येणारी गंभीर सूज याच्याच विषामुळे येते, हे १९७८ मध्ये कळलं.

या जंतूला हवा सोसत नाही. म्हणून शरीराबाहेर पडताना तो स्वतःभोवती जाड कवच करून निजून जातो. या निजलेल्या रूपाला बीजाणू म्हणतात. असे बीजाणू पलंगाच्या दांडीवर, संडासच्या कडीवर, सलाईनच्या स्टँडवर महिनोन्‌महिने टिकतात. कुणाच्या तरी बोटांना लागून ते तोंडात जातात, जठरातल्या आम्लालाही दाद देत नाहीत, आणि आतड्यात रान मोकळं मिळालं की जागे होतात. मग पाण्यासारखे जुलाब, पोटात मुरडा, ताप. फारच चिघळलं तर आतडं फुगतं आणि पोट उघडण्याची वेळ येते. सर्वांत जास्त धोका साठी-पासष्टीच्या पुढच्या माणसांना, आणि बरेच दिवस भरती असलेल्यांना.

अँटिबायोटिकनंतर लागलेला प्रत्येक जुलाब सी-डिफचाच असतो असंही नाही. बहुतेकदा औषध थांबलं की पोट आपोआप ताळ्यावर येतं. पण नेमकं कोणतं प्रकरण आहे हे पेशंटला बघून कळत नाही. म्हणून वॉर्डात कुणालाही जुलाब लागले की पहिल्या दिवसापासूनच जपायचं, रिपोर्टची वाट पाहत बसायचं नाही.

## कोणाचा स्वभाव कसा

सगळे जंतू सारखेच पसरत नाहीत, आणि इथेच गोंधळ होतो.

कॉलराचा जंतू नाजूक. धडधाकट माणसाला आजारी पाडायला तो कोट्यवधींच्या संख्येने पोटात जावा लागतो, कारण बहुतेक जंतू जठरातल्या आम्लातच मरतात. म्हणून त्याला पाणी लागतं. एका विहिरीतून तो अख्खं गाव गाठतो, पण नुसत्या हाताच्या स्पर्शाने त्याला तितकं सहज जमत नाही. दवाखान्यात कॉलराचा पेशंट आला की लक्ष ठेवायचं ते त्याच्या शीवर आणि उलटीवर. ती क्लोरीन टाकल्याशिवाय नालीत गेली आणि नाली पुढे कुणाच्या हातपंपापाशी फुटली, तर दवाखानाच साथीचा उगम होतो.

शिगेला, म्हणजे रक्ताची आव पाडणारा जंतू, अगदी उलटा. त्याला दहा ते शंभर जंतू पुरतात. नखाच्या कडेत त्याहून जास्त मावतात. त्यामुळे तो हातातून हातात, भांड्यातून भांड्यात चालतो. टायफॉइडचा जंतू काही माणसांच्या पित्ताशयात वर्षानुवर्षं बसून राहतो. माणूस बरा दिसतो, पण शीतून जंतू येत राहतात. असा माणूस दवाखान्याच्या स्वयंपाकघरात असला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. आणि सी-डिफचं कवच आपण पाहिलंच.

इथे गॅसच्या गोळीबद्दल दोन शब्द. आपल्याकडे कोणत्याही चिठ्ठीवर शेवटची ओळ गॅसच्या गोळीची असते, गॅस असो वा नसो. या गोळ्या जठरातलं आम्ल कमी करतात. आम्ल कमी म्हणजे कॉलरासारख्या जंतूंच्या वाटेतला पहारा उठला. अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये सी-डिफही जास्त दिसतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये दिला होता. गरज असेल त्याने ती जरूर घ्यावी. पण 'जेवणाआधी एक' म्हणून वर्षभर चालू असलेल्या गोळीबद्दल डॉक्टरांना एकदा विचारायला हरकत नाही.

## "पण आम्ही सॅनिटायझर लावतो ना!"

करोनाने आपल्याला सॅनिटायझर शिकवला, आणि तो बऱ्याच जंतूंवर उत्तम काम करतो. कॉलरा, शिगेला, टायफॉइड यांचे जंतू अल्कोहोलने मरतात, फक्त हात वरवर स्वच्छ दिसत असले पाहिजेत. शी लागलेल्या हातावर सॅनिटायझर चोळून काही होत नाही. घाणीच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात.

सी-डिफच्या बीजाणूंवर मात्र अल्कोहोल चालतच नाही. तुम्ही सॅनिटायझर चोळता, तो उडून जातो, आणि बीजाणू जिथल्या तिथे. उलट हात चोळताना ते दोन्ही हातांवर नीट पसरतात. इथे लागतो साधा साबण आणि वाहतं पाणी. साबणही बीजाणूंना मारत नाही, तो त्यांना कातडीवरून सोडवतो आणि पाणी वाहून नेतं. म्हणून घासणं महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे हात धुण्याला ४० ते ६० सेकंद लागतात. यात तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या फटी, अंगठे, नखांची टोकं सगळं आलं. अंगठा आणि नखं बहुतेकांकडून राहतात, आणि घास भरवायला नेमकी तीच पुढे असतात.

नियम सोपा ठेवायचा: वॉर्डात कुणालाही जुलाब असतील तर साबण-पाणी. एरवी, हात स्वच्छ दिसत असताना, सॅनिटायझर चालेल.

आणि मोजे? हातमोजे घातले की आपण सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. घालणारा काही प्रमाणात सुरक्षित असतो. पण तेच मोजे घालून एका पेशंटची चादर बदलली, मग दुसऱ्याची सलाईन बंद केली, मग दरवाजाची कडी ओढली, तर मोजे आणि उघडे हात यांत फरक काय उरला? पेशंट बदलला की मोजे बदलायचे, आणि मोजे काढल्यावरही हात धुवायचे, कारण काढताना घाण हाताला लागतेच.

## नळ चालू आहे का?

हात धुवा, हात धुवा असं भिंतीवर रंगवलेलं असतं. आता त्याच भिंतीखालचं बेसिन पाहा. नळाची चावी निघालेली, पाना घेऊन फिरवावी लागते. खाली नळीऐवजी बादली, ती भरलेली. साबणाची वडी पाण्यात बसून लोळागोळा झालेली, आणि शेजारी खिळ्याला एक टॉवेल, ज्याला सकाळपासून सगळ्यांनी हात पुसलेत. त्याच बेसिनमध्ये एक बाई जेवणाचा डबा विसळतेय आणि तिच्यामागे दुसरी लेकराचं दुपटं घेऊन उभी आहे. याला लोकांची सवय म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. जगातल्या निम्म्या आरोग्य केंद्रांत हात धुण्याची मूलभूत सोय नाही, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २०२२ मध्ये मांडला होता. उपदेश आधी आणि नळ नंतर, असा क्रम असेल तर उपदेशाला काही अर्थ नाही.

यातलं बरंचसं स्वस्तात सुधारता येतं. कोपराने उघडणारी चावी. पाणी येत नसेल तर तोटी लावलेला ड्रम आणि खाली बादली. साबणाची वडी तुकडे करून जाळीत किंवा छिद्राच्या भांड्यात ठेवायची, म्हणजे ती कोरडी राहते. टॉवेल काढून टाकायचा, हात हवेत वाळू द्यायचे. डबे धुवायला वेगळी जागा, आणि ती संडासपासून लांब. केंद्राच्या कायाकल्प योजनेत २०१५ पासून सरकारी दवाखान्यांना स्वच्छतेसाठी गुण आणि बक्षीस मिळतं, त्या तपासणीत हात धुण्याची सोयही पाहतात. रुग्ण कल्याण समितीवर तुमच्या गावचं कुणी असेल तर बैठकीत नळाचा विषय काढायला सांगा. रंगरंगोटीच्या आधी.

## फरशी चकाचक, पलंगाची दांडी तशीच

आपल्याकडे दवाखाना स्वच्छ आहे की नाही हे फरशीवरून आणि फिनाईलच्या वासावरून ठरतं. पण फरशीला हात कोण लावतं? हात लागतात पलंगाच्या दांडीला, लॉकरला, सलाईनच्या स्टँडला, लाइटच्या बटणाला, नळाच्या चावीला, संडासच्या कडीला आणि बीपीच्या पट्ट्याला. जंतू तिथे असतात, आणि पोछा तिथे जात नाही. शिवाय फिनाईलने सी-डिफचे बीजाणू मरत नाहीत.

झाडूचंही असंच. गाडगेबाबांच्या मुलुखात झाडूविरुद्ध बोलायची हिंमत करावी लागते, पण वॉर्डात कोरडा झाडू नको. धूळ उडते, आणि धुळीबरोबर बीजाणूही उडून पुन्हा पलंगांवर बसतात. दवाखान्यात ओलं पुसणंच बरं. संडासचा पोछा वेगळा, वॉर्डाचा वेगळा, आणि दोन्ही एकाच बादलीत बुडवायचे नाहीत.

बीजाणू मारायला क्लोरीन लागतं. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, इथे कामाला येते, फक्त प्रमाण फार वेगळं. ३० ते ३३ टक्के क्लोरीन असलेली चांगली पावडर असेल तर १० लिटरच्या बादलीला साधारण १५० ग्रॅम. त्याने अर्धा टक्का ताकदीचं पाणी होतं. ते ढवळून, गाळ खाली बसू देऊन वरचं निवळ वापरायचं. आधी साबणाच्या पाण्याने घाण काढायची, मग हे पाणी लावून १० मिनिटं ओलं राहू द्यायचं, आणि नंतर लोखंडी दांड्या साध्या पाण्याने पुसून घ्यायच्या, नाहीतर गंज चढतो. घाणीवर थेट ब्लीचिंगचं पाणी ओतलं तर सगळं क्लोरीन घाणीशीच झुंजून संपतं.

पाणी रोज नवीन करायचं. पावडरचं पोतं उन्हात, ओलीत, उघड्या तोंडाने पडलं असेल तर तिच्यात दम राहत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पावडरचं काय होत असेल ते सांगायला नको. वास तीव्र येतो म्हणजे ताकद आहे, असंही नाही.

एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे: ब्लीचिंगच्या पाण्यात संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद संडासात सफाई करणाऱ्या माणसाचा श्वास कोंडतो. हे काम करणाऱ्या मावशींना आणि दादांना मोजे, बूट, मास्क आणि ही माहिती, दोन्ही मिळायला हवं. वॉर्डातला प्रसार थांबवणारं सर्वांत महत्त्वाचं माणूस बहुधा तेच असतं, आणि पगार बहुधा सर्वांत कमी त्याचाच.

## "वेगळी खोली आणायची कुठून?"

पुस्तकात लिहिलेलं असतं की जुलाबाच्या पेशंटला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र संडास द्यावा. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात साथीच्या दिवसांत एका खाटेवर दोघं असतात, हे वास्तव. मग?

मग एक कोपरा तरी. जुलाबाचे सगळे पेशंट एका बाजूला, शक्यतो संडासच्या जवळच्या खाटांवर, दोन खाटांत हातभर नव्हे तर किमान मीटरभर अंतर. दोन संडास असतील तर एकावर पाटी लावून तो फक्त त्यांच्यासाठी. त्या कोपऱ्यासाठी बीपीचा पट्टा, थर्मामीटर, बेडपॅन वेगळं. सिस्टरांनी राउंड घेताना आधी बाकीचे पेशंट पाहायचे, जुलाबाचे शेवटी. याला नवी इमारत लागत नाही. पण एक सांभाळायचं: अँटिबायोटिकवर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला जागा नाही म्हणून गॅस्ट्रोच्या पेशंटशेजारी टाकायचं नाही. तो सर्वांत सोपा बळी असतो.

आणि मुळात गर्दी कमी करणं हा सर्वांत मोठा उपाय. गावातून येणाऱ्या निम्म्या लोकांचं म्हणणं असतं, "डॉक्टरसायेब, एक बाटली लावून द्या." सलाईनशिवाय इलाज झाला असं वाटतच नाही. पण ज्याला पिता येतं, ज्याची उलटी थांबलीय, त्याला जलसंजीवनीने, म्हणजे ओआरएसने, तेवढंच पाणी मिळतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममधून मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. कॉलऱ्याने होणारे मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्याही खाली आले. हे काम नातेवाइकांनी केलं होतं, डॉक्टरांनी नव्हे. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

ओआरएस पिऊन जो घरी जाऊ शकतो तो वॉर्डात झोपत नाही, शिरेत सुई टोचून घेत नाही, शेजारच्याला काही देत नाही आणि शेजारच्याकडून काही घेतही नाही. पेशंट सुस्तावला असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी बंद असेल, पाणी पोटात ठरत नसेल, तर मात्र सलाईन हवीच, आणि लगेच.

## "अँटिबायोटिक दिलं नाही, मग डॉक्टर कसला?"

स्वच्छतेच्या बाबतीत इंग्लंडच्या दवाखान्यांशी आपली तुलना होणार नाही. तरीही २००४ ते २००६ च्या काळात तिथल्या मेडस्टोन भागातल्या रुग्णालयांत सी-डिफने इतकं थैमान घातलं की ९० च्या आसपास मृत्यू त्याच्या खाती गेल्याचं सरकारी चौकशीत निघालं. पुढे देशभरात हात धुण्यावर, सफाईवर जोर दिला गेला आणि अँटिबायोटिकच्या काही गटांना, विशेषतः सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाला, लगाम घातला गेला. २००६ नंतर सी-डिफचे रुग्ण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. श्रेय कशाला? २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जंतूंची जनुकं तपासून दाखवलं की घट मुख्यतः त्या औषधांना दाद न देणाऱ्या जातींचीच झाली होती, म्हणजे ज्यांना त्या औषधांनी रान मोकळं करून दिलं होतं त्यांची. नुसती सफाई कारण असती तर सगळ्याच जाती सारख्या कमी व्हायला हव्या होत्या.

मला हे उदाहरण आपल्यासाठी सर्वांत मोलाचं वाटतं. रान मोकळं झालंच नाही तर चार गाठी पोटात जाऊनही लव्हाळा उगवत नाही. आणि सिप्रो, सेफिक्झीम, सेफ्ट्रायॅक्सोन ही नावं आपल्या तालुक्यातल्या मेडिकलवाल्याला तोंडपाठ आहेत. सर्दी झाली, घ्या. अंग दुखतं, दोन सुया. २०१४ पासून शेड्यूल एच-वन नावाच्या नियमाने यातली बरीच अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. नियम आहे. तुमच्या गल्लीतल्या दुकानात तो किती पाळला जातो ते तुम्हीच बघा.

यावर हमखास येणारं म्हणणं: मग निमोनियाला औषध द्यायचंच नाही का? द्यायचं, वेळेवर आणि पुरेसं. निमोनियात अँटिबायोटिक जीव वाचवतं, तिथे जुलाबाच्या भीतीने टाळणं हा वेडेपणा. प्रश्न आहे तो व्हायरल तापाला, साध्या सर्दीला आणि बहुतेक साध्या जुलाबांना दिलेल्या औषधाचा. पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही, ताप नाही, तर बहुधा अँटिबायोटिकची गरजच नसते. लेकराला ओआरएस आणि १४ दिवस झिंकची गोळी, ती आशाताईंकडे मिळते. रक्त पडत असेल किंवा कॉलराची शंका असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील.

## जुलाब बंद करायची गोळी, ताक आणि सुई

"बंद करून टाका न एकदाचं." लोपेरामाइडसारखी गोळी आतड्याची हालचाल मंदावते. ताप असेल, रक्त असेल किंवा सी-डिफची शंका असेल, तर विष आतच कोंडतं आणि प्रकरण बिघडतं. लहान लेकरांना तर ही गोळी मुळीच नको.

ताक, दही, पेज खुशाल द्या. पाणी आणि मीठ पोटात जातं, ताकद टिकते. पण उजाड झालेल्या आतड्यात शेकडो जाती होत्या, आणि दह्यात मूठभर. त्याने पूर्ण पेरणी होत नाही. निरोगी माणसाच्या शीतले जीवाणू पेशंटच्या आतड्यात सोडण्याचा उपचार ऐकायला किळसवाणा वाटतो, पण वारंवार उलटणाऱ्या सी-डिफवर तो इतका लागू पडला की २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली नेदरलँड्समधली त्याची चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण दुसऱ्या गटाला त्यापासून वंचित ठेवणं योग्य नव्हतं.

आणि शिरेतून दिलेलं औषध नेहमी जास्त ताकदीचं, या समजाला सी-डिफ मस्त उत्तर देतो. त्यावरचं एक मुख्य औषध व्हॅन्कोमायसिन. ते तोंडाने दिलं तर आतड्यात राहून काम करतं. तेच शिरेतून दिलं तर आतड्यात पोचतच नाही, आणि जुलाबांवर काडीचा उपयोग होत नाही.

## पेशंटसोबत थांबणाऱ्यांसाठी

आपल्याकडे अर्धी नर्सिंग नातेवाईकच करतात. बाजूला घेणं, पुसणं, भरवणं, रात्री पलंगाखाली चटई टाकून झोपणं. म्हणून यांना वगळून कोणताही उपाय चालत नाही.

दोघं सोबत असाल तर कामं वाटून घ्या: एकाने पेशंटचं आवरायचं, दुसऱ्याने भरवायचं. एकटेच असाल तर आवरल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात नाही. पेशंटच्या पलंगावर बसून जेवू नका, आणि उरलेलं त्याच्या ताटातलं खाऊ नका, अन्न फेकवत नसलं तरी. पाण्याच्या कॅनमध्ये, माठात प्याला बुडवायचा नाही, तोटी किंवा लांब दांडीचं ओगराळं. कॅनवर आरओ लिहिलंय म्हणून आत बुडालेलं बोट स्वच्छ होत नाही.

खराब झालेली चादर झटकू नका, गुंडाळून पिशवीत भरा. घरून आणलेली गोधडी असेल तर घरच्या इतर कपड्यांत न मिसळता, गरम पाण्यात साबणाने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. गावाकडून भेटायला येणाऱ्यांना नाही म्हणणं अवघड जातं, पण लेकरांना आणू नका एवढं तरी फोनवर सांगता येतं.

आणि सिस्टरांना विचारायला लाजू नका: "ताई, हात धुतले का?" हे म्हणायला जीभ उचलत नाही, मला ठाऊक आहे. मग "ताई, साबण कुठं आहे? आम्हालाही धुवायचे होते" असं म्हणा. काम तेच होतं.

## रेफर झाल्यावर, सुट्टी झाल्यावर

ग्रामीण रुग्णालयातून पेशंट जिल्ह्याला जातो, तिथून नागपूरच्या मेडिकलला. जुलाबाचा जंतूही त्याच १०८ च्या अँब्युलन्समध्ये बसून जातो. गाडीत चढवतानाच सांगायचं की पेशंटला जुलाब आहेत, आणि पुढच्या दवाखान्यात कॅज्युअल्टीच्या टेबलावर पुन्हा सांगायचं. रेफरच्या कागदावर बहुधा मूळ आजार लिहिलेला असतो, जुलाब राहून जातात.

सुट्टी झाल्यावर कागद फाईलमध्ये कोंबण्याआधी एक पाहा: कोणकोणती अँटिबायोटिक दिली, किती दिवस, हे लिहिलंय का? नसेल तर लिहून मागा. अँटिबायोटिक संपल्यानंतर दोन-तीन महिन्यांपर्यंत सी-डिफ उद्‌भवू शकतो, आणि तेव्हा पेशंट गावात असतो, डॉक्टर दुसरे असतात. त्यांना हे जुलाब गावातल्या पाण्याचे वाटतात आणि ते आणखी एक अँटिबायोटिक लिहून देतात. दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पातळ संडास, सोबत ताप किंवा पोट फुगलेलं, असं झालं तर तो कागद घेऊन जा आणि बसल्याबरोबर टेबलावर ठेवा. जुलाब थांबल्यावर पुन्हा शीची तपासणी करून घ्यायची गरज नसते. माणूस बरा झाल्यावरही काही आठवडे जंतू शीत सापडू शकतो, आणि त्या रिपोर्टवर उगाच औषध सुरू होतं. तेवढे आठवडे घरातल्या संडासची कडी आणि नळाची चावी मात्र ब्लीचिंगच्या पाण्याने पुसत राहा.